क्रांतीचं नाव घेतो

पुरुषांसाठी उखाणा स्पर्धा भरवायची, ही कल्पना आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी लालासाब मुल्लाणी यांची. माझा तिला पहिल्यापासून विरोध होता आणि यादीत पहिलं नाव माझंच लागलं. झालं असं, की वर्धापनदिनाच्या बैठकीत मी हात वर केला तो हरकत घ्यायला. लालासाबांनी तो होकार म्हणून लिहून घेतला. सभेत वर झालेला हात त्यांच्या हिशेबी होकारच असतो. नकार द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो, आणि तोही बैठकीच्या आधी.

"अहो, पण माझी बायको इथं नाही," मी म्हणालो.

"मग तर लईच बेस," लालासाब म्हणाले. "इंगवले साहेब, तुमास्नी बिनधास्त नाव घेता ईल की."

क्रांती इथं नाही हे खरं होतं. क्रांती म्हणजे माझी बायको. नऊ ऑगस्टचा जन्म, म्हणून सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं हे नाव ठेवलं. आमची मुलगी पूर्णिमा बंगळूरला असते. तिच्या बाळंतपणाला म्हणून क्रांती गेली, ती बाळाला दात आले, बाळ रांगायला लागलं, तरी तिकडंच. मध्ये मीही जाऊन राहून आलो. चौदाव्या मजल्यावर घर. लिफ्टमध्ये सगळे एकमेकांच्या बुटांकडं बघत उभे असतात. "काय पावणं, कुठलं?" असं विचारणारा एक माणूस तिथं मला भेटला नाही. आठवडाभरात मला ताप भरला आणि मी परत आलो.

आता पूर्णिमाची रजा संपत आली होती. तिचं म्हणणं, आईनं कायमचं तिकडंच राहावं आणि पप्पांनीही फ्लॅट भाड्यानं देऊन यावं. नाहीतर बाळाला इमारतीच्या खालीच असलेल्या पाळणाघरात ठेवावं लागेल. पाळणाघर चांगलं होतं, फक्त त्यांना सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. आमचा वर्धापनदिन त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी. क्रांतीनं फोनवर मला विचारलं, "तुमास्नी काय वाटतं?"

मी म्हणालो, "तुझं तू ठरव. माझं इथं बरं चाललंय."

आता हे 'बरं चाललंय' म्हणजे काय, ते सांगतो. मी स्वयंपाकघरात असतो तेव्हा बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून ठेवतो आणि बाहेरच्या खोलीत बसलो की स्वयंपाकघरात रेडिओ. दूध रोज अर्धा लिटरच येतं, कारण कमी करा म्हणून सांगायला जीभ वळत नाही. त्याचं दही लागतं, दह्याचं ताक होतं, आणि ताक समोरच्या आकाराम पाटलांकडं जातं. आकाराम मूळचे कोडोलीचे, घरात म्हशी बघितलेला माणूस. ते माझं ताक पितात आणि काही बोलत नाहीत, यावरून ते कसं होत असेल हे मला कळतं.

आणि एक बेल आहे. बाहेरून आल्यावर मी आधी स्वतःच्याच घराची बेल वाजवतो, जरा थांबतो आणि मग खिशातून किल्ली काढून कुलूप उघडतो. सवयच आहे. पूर्वी बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "आलो, आलो! बेल जाळतासा काय?" आमच्याकडच्या बायका 'आले' म्हणत नाहीत, 'आलो' म्हणतात, आणि ते एवढ्या जोरात म्हणतात की दार उघडायच्या आधीच माणूस घरात आल्यासारखा होतो. एकदा मी असा बंद दारापुढं बेल वाजवून उभा असताना आकारामांनी बघितलं.

"कोण हाय आत?" त्यांनी विचारलं.

"बेल चालते का बघतोय," मी म्हणालो.

त्यांनी लगोलग ओळखीचा वायरमन पाठवला. त्यानं चांगली चालणारी बेल दुरुस्त केली. तेव्हापासून ती एवढी मोठ्यानं वाजते की खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडतात.

तर उखाणा. खरं म्हणजे लेखी नकार देऊन मी मोकळा झालो असतो. नकाराचा मसुदा तयारही होता. पण लालासाबांनी जाता जाता सांगितलं, की सगळ्यांचे उखाणे रेकॉर्ड करून ज्यांच्या त्यांच्या बायकांना पाठवणार. तेव्हा माझ्या मनात आलं, की फोनवर जे बोलता येत नाही ते उखाण्यात बोलता येईल. 'परत ये' हे दोन शब्द चारचौघांत, यमकात गुंडाळून दिले तर माणसाची लाज राहते. मसुदा मी फाडून टाकला.

अडचण एवढीच होती, की मी क्रांतीचं नाव कधी तोंडानं घेतलेलं नव्हतं. लिहिलं पुष्कळदा. रेशनकार्डावर, विम्यावर, गॅसच्या पुस्तकावर. पण हाक मारायची ती 'अगं', 'ऐकलंस का' आणि पुढं 'पूर्णीची आई'. आमच्या घरात बाप्यानं बायकोला नावानं हाक मारली तर थोरली माणसं खाकरायची. लग्नात घास भरवताना उखाण्याचा आग्रह झाला होता, पण नेमका तेव्हाच बँड सुरू झाला आणि मी नुसते ओठ हलवले. आता रिकाम्या घरात मी खुर्चीवर ताठ बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "क्रांती." कुणी खाकरलं नाही. मी उठून रेडिओ लावला.

मी पाटबंधारे खात्यात हयात घालवली. माझ्या हातची टिपणं मंत्रालयापर्यंत गेली आहेत आणि एकही परत आलेलं नाही. असल्या माणसाला चार ओळी जड जाऊ नयेत. पहिला उखाणा चहा होईपर्यंत झाला:

'उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळवितो,
क्रांतीचे नाव घेतो, प्रत माहितीस्तव पाठवितो.'

मला तो आवडला होता. मी तो खालच्या मजल्यावरच्या संयोगिताला दाखवला. संयोगिता हायस्कूलमध्ये मराठी शिकवते आणि स्पर्धेची परीक्षकही तीच होती. तिनं तो दोनदा वाचला आणि विचारलं, "काका, यात काकू कुठं आहेत?"

"दुसऱ्या ओळीत. नाव घेतलंय की."

"नाव आहे हो, काकू नाहीत." मग तिनं मला समोर बसवून यमक शिकवलं. यमक म्हणजे नुसते सारखे आवाज नव्हेत. यमक दोन शब्दांना शेजारी आणून बसवतं, आणि ऐकणाऱ्याला वाटायला लागतं, की अरे, यांचं काहीतरी नातं आहे. आता क्रांतीला यमक काय?

"शांती," मी म्हणालो. दुसरं 'वांती' आठवत होतं, ते बोललो नाही.

वर येऊन मी त्यावर विचार करत बसलो. क्रांती आणि शांती या दोघी माझ्या घरात कधी एका वेळी राहिलेल्या नाहीत. क्रांती असताना भांडी, कुकर, शेजारणी, गडमुडशिंगीहून येणारी तिच्या माहेरची माणसं, असा सगळा दंगा असायचा. ती गेली आणि शांती आली, ती आता जाता जात नाही. सारखे आवाज आणि उलटा अर्थ! मला स्वतःचं कौतुक वाटलं. लिहिलं:

'बंगळूरला गेली क्रांती,
घरी नांदते सुखशांती.'

यात टोमणा होता आणि तो मी स्वतःलाच मारला होता. घरात शांती आहे, म्हणजे काय झालंय बघ, असा त्याचा अर्थ. एवढं चांगलं जमलेलं रविवारपर्यंत पोटात राहीना. संध्याकाळी फोनवर मी ते तिला म्हणून दाखवलं.

मग ती म्हणाली, "व्हय की. माझ्याबिगार शांतीच हाय म्हना की तुमास्नी. ऱ्हावा मग निवांत."

"अगं, तसं नाही..."

"बाळ रडतंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी संयोगिताला गाठलं. माझी तक्रार ऐकून ती हसायची थांबेना. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "काका, याला उपरोध म्हणतात. बोलायचं एक, कळायचं उलटं. पण त्याला ऐकणाऱ्यासमोर तुमचं तोंड असावं लागतं. फोनवर तुमचं तोंड कुठं दिसणार?" हे तिनं आधी सांगायला हवं होतं. वीज मंडळसुद्धा धोक्याचा बोर्ड खांबावर आधी लावतं.

तोवर मी उखाणा करतोय ही बातमी सगळ्या सोसायटीत झाली होती. आकाराम ताकाचं भांडं परत द्यायला आले आणि खुर्ची ओढून बसले. तरुणपणी त्यांनी तालमीच्या मैदानात कुस्त्यांचं निवेदन केलं होतं. त्यांच्या मते उखाणा असा पाहिजे की मागच्या रांगेतला माणूस उठून उभा राहिला पाहिजे.

"लिवा," ते म्हणाले.

'रंकाळ्याचं केलं ताक, पन्हाळ्याची केली रवी,
क्रांतीचं नाव घेतो, सात जन्म हीच हवी.'

"ह्याला म्हनायचं उखाणा!" त्यांनी मांडीवर थाप मारली. आता यात ताक हा शब्द त्यांना कुठून सुचला, याचा मी विचार केला नाही. अतिशयोक्ती उत्तम होती. पण ती कुणी करायची यालाही काही प्रमाण असतं. पन्हाळा उपटून रंकाळ्यात घुसळणारा माणूस त्याच सकाळी गॅसची टाकी बदलता येईना म्हणून त्यांच्याच दारात उभा होता. हा उखाणा ऐकला असता तर क्रांतीनं पहिला प्रश्न विचारला असता, "टाकी कुणी लावली?"

संयोगिता म्हणाली, "काका, मोठं सांगू नका. काकू कशासारख्या आहेत, तेवढंच सांगा. उपमा द्या. पण दोन्हीत एक तरी गुण सारखा पाहिजे."

चंद्र झाला, जाई झाली, समई झाली. एकीतही क्रांतीचा गुण सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन नळाखाली बसलो होतो आणि पाणी आलं. आधी नुसती हवा, मग खर्र खर्र, आणि मग एकदम धो धो. सगळ्या मजल्यांवर बादल्या वाजायला लागल्या, हाका सुरू झाल्या, आणि मी तिथंच म्हणालो, "क्रांती!" तिचं येणं असंच असायचं. ती आली की सगळं घर कामाला लागायचं. मी ओल्या हातानंच लिहिलं:

'क्रांती म्हणजे नळाचं पाणी, घर भरायचं काठोकाठ,
ती गेली बंगळूरला, अन् कोरडा पडला माठ.'

संयोगितानं वाचून कागद परत माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "काका, आधी 'सारखी' म्हणायचं, तिथं तुम्ही 'म्हणजे'च म्हणालात. हे रूपक झालं. असू दे. काही बदलू नका." निवृत्तीनंतर मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. मी त्या दिवशी दोन माणसांचा भात लावला आणि दोन्ही वेळा तोच खाल्ला.

पण उखाणे तीन प्रतींत सादर करून मंजूर करून घ्यायचे होते. लालासाबांनी माझा कागद वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

"साहेब, ह्यो 'कोरडा पडला माठ' म्हंजे काय ओ? सोसायटीत पाणी न्हाय आसं म्हनताय?"

"अहो, ते रूपक आहे!"

"तुमचं रूपक ऱ्हाईल बाजूला. पाण्याच्या टाकीचा वाद हाय, चेअरमन पुढंच बसनार हायत. त्यांनी कुनाकडं बघायचं?" शिवाय नियमावलीत एक कलम होतं: ज्या व्यक्तीचे नाव घ्यावयाचे ती व्यक्ती कार्यक्रमस्थळी हजर असावी. हे कलम त्यांनी शेजारच्या बाईचं नाव कुणी घेऊ नये म्हणून घातलं होतं. "नियम म्हंजे नियम की ओ. उद्या समदेच गैरहजर बायकांची नावं घ्याय लागली तर?"

मी आयुष्यभर लोकांना कलमं दाखवली. मला कुणी दाखवण्याची ही पहिलीच वेळ. मी सवलतीसाठी अर्ज केला. त्यावर तातडीची सभा बसली, चहा झाला, आणि ठरलं की सौ. इंगवले यांनी व्हिडिओ कॉलवर हजर राहावं आणि फोनची वायर स्पीकरला जोडावी. उखाण्यात मात्र समितीनं दुरुस्त्या केल्या. मंजूर झालेली प्रत अशी होती:

'क्रांती म्हणजे (पिण्यायोग्य) नळाचं पाणी, घर भरते काठोकाठ,
सोसायटीच्या सहकार्याने भरलेला राहो माठ.'

खाली शिक्का होता. कंसातला शब्दही मोठ्यानं वाचायचा का, असं मी विचारलं. लालासाब म्हणाले, "वाचा की. चेअरमननी घातलाय."

रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये मांडव पडला. मागं रश्श्याचा वास सुटला होता आणि लोकांचं निम्मं लक्ष तिकडं होतं. माझं नाव पुकारलं. लालासाबांनी माझ्या फोनला वायर जोडली, पूर्णिमानं फोन उचलला आणि क्रांतीच्या हातात दिला. कडेवर बाळ, केस विस्कटलेले. शांतीच्या त्या उखाण्यापासून आमचं फोनवर धड बोलणं झालेलं नव्हतं.

"बोला," ती म्हणाली. तिचा आवाज दोन्ही मोठ्या स्पीकरमधून सगळ्या पार्किंगमध्ये घुमला. आमच्या सोसायटीत तिचा आवाज इतक्या महिन्यांनी येत होता. मागच्या रांगेतल्या दोन बायका हसून म्हणाल्या, "आली बघा क्रांतीवैनी."

मी कागद उघडला. "क्रांती म्हणजे पिण्यायोग्य..." म्हणालो आणि पुढं जाता येईना. लोक हसायला लागले. मी वर बघितलं. जिना दिसत होता, दुसऱ्या मजल्यावरचं माझं दार दिसत होतं, दाराला कुलूप. उद्या सोमवार होता. यमक, उपमा, रूपक, काही काही आठवेना. मी कागद खिशात घातला आणि जे रोज करतो तेवढंच सांगितलं.

"बेल वाजवतो, थांबतो दारात,
किल्ली असते खिशात.
क्रांती, दार उघड."

हसणं थांबलं. स्पीकरमधून उत्तर यायच्या आधीच खर्र असा मोठा आवाज झाला, लोकांनी कानांवर हात ठेवले, आणि लालासाबांनी घाईनं वायर उपटली. "लाईन तुटली," त्यांनी माईकवर जाहीर केलं. "इंगवले साहेबांचा उखाणा मंजूर प्रतीपरमानं न्हाय, सबब बाद. आकाराम पाटील, या!"

मी फोन खिशात टाकला आणि उतरलो. आकारामांनी रंकाळ्याचं ताक केलं, मागची रांग खरोखर उठून उभी राहिली, आणि त्यांना पहिलं बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. संयोगिता माझ्याजवळ आली. "शेवटच्या ओळीला यमक नव्हतं," ती म्हणाली. "सुचलं नाही," मी म्हणालो. ती म्हणाली, "बरं झालं," आणि वळून गेली. तिचे डोळे ओले का होते ते मला विचारता आलं नाही. जेवायला थांबायचा सगळ्यांनी आग्रह केला, पण पंगतीत शेजारच्याच्या बायकोनं त्याच्या ताटात वाढलेलं बघत जेवायची माझी त्या दिवशी तयारी नव्हती. मी जिना चढलो. शरम वाटत होती. एवढ्या लोकांसमोर कुलपाची गोष्ट बोलून बसलो, आणि जिला ऐकवायची तिच्यापर्यंत पोहोचली की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता. उद्या ती पाळणाघराला नको म्हणून कळवणार, मग आपण फ्लॅटला भाडेकरू बघायचा.

दारात आलो. हात सवयीनं बेलवर गेला. वायरमननं दुरुस्त केलेली ती बेल सगळा जिना हलवून वाजली.

"आलो, आलो! बेल जाळतासा काय?"

मी आधी दाराकडं बघितलं. कुलूप जागच्या जागी होतं. मग माझ्या लक्षात आलं की आवाज खिशातून येतोय. फोन काढला. लाईन तुटलेली नव्हतीच, नुसती वायर निघाली होती.

"तू अजून फोनवरच आहेस?"

"मग? नाव घिऊन हाक मारलासा, दार उघड म्हनलासा, आन् फोन ठिवू व्हय मी?" तिचा आवाज जड झाला होता. "मघाधरनं हॅलो हॅलो करतोय. खिशात कोन ऐकतंय?"

मी फोन समोर धरला. तिला माझं तोंड दिसत होतं, तेवढं पुरे होतं.

मागून पूर्णिमाचा आवाज आला, "आई, कुणाची बेल वाजली गं?"

"आमच्या घरची," क्रांती म्हणाली. "तुझं पप्पा दारात उभं हायत. माझं तिकीट बघ."

तेवढ्यात बक्षिसाचा डबा काखेत मारून आकाराम जिना चढून वर आले. बंद दारापुढं, डोळे पुसत उभा असलेला मी त्यांना दिसलो.

"काय ओ साहेब," ते म्हणाले, "बेल बिघडली काय परत?"

"नाही," मी म्हणालो. "चालते."